चिमूटभर भंडारा

मोनाली वाघमोडेला त्या दुपारी कुणी विचारलं असतं, की बाई तुला काय हवंय, तर नवरा बरा होऊ दे हे तिच्या तोंडून नंतर निघालं असतं. आधी ती म्हणाली असती, मला जरा कुठंतरी आडवी होऊ द्या. साताऱ्याच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेर खुर्च्या होत्या, पण माणसानं फार वेळ बसू नये अशाच बेतानं केलेल्या. आत नवनाथ पालथा पडला होता आणि त्याच्या कण्यात सळ्या बसवायचं काम चाललं होतं.

नवनाथ पोकलेन चालवायचा. रस्ते खणले, कालवे खणले, लोकांच्या विहिरी खणल्या, आणि त्या मशीनच्या सीटवर हादरे खाता खाता स्वतःच्या मणक्यांचा चुरा करून घेतला. आता खरं सांगायचं तर माणूस मुळातच कुरकुऱ्या. बोटाला काटा लागला तरी हात गेल्यासारखा कण्हायचा. लग्नानंतर वर्षभरात सासुरवाडीची पूजा चुकवायला पोटात कळ आली म्हणून अंथरुणात लोळला, आणि घरची मंडळी बाहेर पडल्याबरोबर उठून मॅच बघत बसला. मोनाली काहीतरी विसरलं म्हणून परत आली तेव्हा पठ्ठ्या सिक्सला टाळ्या पिटत होता. तेव्हापासून मोनाली नवऱ्याच्या दुखण्याला निम्माच भाव द्यायची. पाठीचं दुखणं मात्र खरं होतं, कारण ते फोटोत दिसलं होतं.

थिएटरचं दार उघडलं आणि डॉक्टर इम्रान मुजावर बाहेर आले. माणूस लोणंदचा, म्हणजे वाघमोड्यांच्या नीरेपासून हाकेच्या अंतरावरचा. आपल्या भागातला पेशंट आला की ते डॉक्टरकी दाराबाहेर ठेवायचे आणि नात्यानं बोलायला लागायचे.

"ताई, झालं बघा," टोपी काढत ते म्हणाले. "दाजींच्या पाठीत आता रूळ टाकलेत. वरनं मालगाडी गेली तरी हलायचे नाहीत."

"बरे होतील ना?"

"होतील की. आणि शिवायच्या आधी आत चांगला भंडारा उधळलाय. आता कसली काळजी?"

मोनालीनं नकळत हात जोडले. खंडोबा तिचं कुलदैवत, देव्हाऱ्यात जेजुरीच्या भंडाऱ्याची डबी कायम भरलेली. डॉक्टरच्या तोंडून तो शब्द ऐकून तिला इतकं बरं वाटलं, की आलेली जांभई तिनं मोकळेपणानं दिली.

आता या शब्दाची गोष्ट सांगितली पाहिजे. पाठीच्या ऑपरेशनात खोल चिरा देतात आणि आत धातू ठेवतात. धातूला रक्त पोचत नाही. एखादा जंतू त्या सळीला चिकटला की स्वतःभोवती बुळबुळीत थर करून बसतो, आणि गोळ्या-इंजेक्शनातलं औषध रक्तातून तिथवर जाईपर्यंत त्याची धार गेलेली असते. म्हणून मागच्या पिढीतल्या सर्जननी सोपी युक्ती काढली. प्रतिजैविकाची पावडर शिवण्याआधी थेट जखमेतच भुरभुरायची. जिथं हवं तिथं औषध भरपूर आणि बाकीच्या अंगाला फारसा त्रास नाही. मुजावर ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर पुरंदरचे. पावडरची बाटली हातात घेतली की ते नर्सला म्हणायचे, चला, भंडारा उधळा. सर गेले, पावडरही मागं पडली, पण शब्द शिष्याच्या जिभेवर राहिला. थिएटरमध्ये तर तो सगळेच वापरत.

पावडर मागं पडली, कारण सरसकट उधळून उधळून जंतू तिला सरावले. मग आला 'जागल्या'. मोहरीहूनही कितीतरी बारीक दाणे; मुजावर आता भंडारा म्हणायचे ते यांनाच. औषध आत कोंडलेलं आणि वरच्या टरफलाला कान, असं म्हणा हवं तर. जंतू थोडे असतात तेव्हा गप्प असतात. संख्या वाढली की रसायनं सोडून एकमेकांना खबर देतात, आपण पुरेसे झालो, आता चढाई करू. जागल्याचं टरफल तेवढीच खबर ओळखतं. ती आली की ते वितळतं आणि औषध नेमकं तिथं सांडतं. वितळताना दाण्यातून मंद उजेड निघतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाठीवर चिकटवलेल्या पारदर्शक पट्टीला दिसतो आणि पट्टी मोबाइलला कळवते. हिरवा म्हणजे आत सामसूम, नारिंगी म्हणजे जागल्या कामाला लागलाय, लाल म्हणजे ताबडतोब या.

या जागल्यानं भल्याभल्यांची झोप परत आणली. ऑपरेशननंतर पू होणं जवळपास थांबलं. हॉस्पिटलातली ड्रेसिंगची खोली बंद पडली आणि तिथं कॉफीचं मशीन बसलं. पेशंट लगेच घरी जायला लागले. जखम उघडून बघायची गरजच उरली नाही, आणि ज्याची गरज उरत नाही ते करायची सवयही हळूहळू जाते. तरुण डॉक्टरांनी तर चिघळलेली जखम पुस्तकातच पाहिली होती.

* * *

नीरेला बाजारपेठेच्या टोकाला मोनालीचा भाकरी केंद्राचा गाळा होता. पलीकडच्या कारखान्यांतल्या कामगारांचे डबे तिथून जायचे. पहाटे पीठ, सकाळी तवा, दुपारी भांडी, आणि आता त्यात भर मागच्या खोलीत पडलेला नवरा. त्याला उठवायचं, पट्टा बांधायचा, न्हाणीपर्यंत न्यायचं, परत आणायचं. तवा सोडून आत गेलं की भाकरी करपायची, आणि भाकरीपाशी थांबलं की आतून हाक यायची.

"मोनेऽ, उशी सरकली गं."

"आले."

"मोनेऽ, पंखा कमी कर."

"आले म्हटलं ना! मला काय चार हात हायत का?"

एका सकाळी मोबाइलवरचा दिवा नारिंगी झाला. मोनालीनं तव्याखालचा गॅस बंद केला. पिठाच्या हातानंच तिनं हॉस्पिटलचा मदतीचा नंबर लावला. तिकडून माणूस बोलत नाही, मशीनचाच आवाज बोलतो, पण काय गोड बोलतो! "घाबरू नका. जागल्या आपलं काम करत आहे. थोडी वाट पाहा."

वाट कसली पाहते! तिनं नवनाथला पालथं केलं. पट्टी खालच्या टोकाला घामानं सुटली होती. शिवण चांगली होती, पण तिच्या बाजूला, ऑपरेशननंतर रक्त निचरायला घातलेली नळी जिथून काढली होती, त्या भोकाची जागा लालसर आणि ओली दिसत होती.

"काय हाय गं?" नवनाथनं उशीत तोंड खुपसून विचारलं.

"जरा लाल झालंय. नळीपाशी."

"भंडारा संपला असंल आतला," नवनाथ म्हणाला. त्यालाही डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं.

हॉस्पिटलात कुणी जेजुरीचा भंडारा टाकत नाही एवढं न कळण्याइतकी मोनाली खुळी नव्हती. औषधच असणार. पण डॉक्टर त्याला भंडारा म्हणतात त्याअर्थी ते हळदीचंच असणार, असा तिनं सरळ हिशेब केला. हळद तर जखमेला लावतातच, त्यात नवीन काय? तिनं देव्हाऱ्यातली डबी आणली. कोरडा भंडारा ओल्या जागी ठरेना, म्हणून खोबरेल तेलात कालवला आणि बोटानं त्या भोकावर नीट लावला. खंडोबाचं नाव घेतलं. पट्टी परत दाबून बसवली.

आणि काय सांगावं, संध्याकाळी दिवा हिरवा!

"बघा!" तिनं मोबाइल नवनाथच्या नाकाशी धरला. "देवानं केलं का नाही?"

नवनाथनंही उशीला कपाळ टेकवलं. त्या दिवसापासून सकाळी अंघोळ उरकली की चिमूटभर भंडारा तेलात कालवून लावायचा, हे देवपूजेइतकंच ठरून गेलं. दिवा पुन्हा नारिंगी झाला नाही.

* * *

दिवा हिरवा राहिला, नवनाथ मात्र उतरत गेला. आधी जेवण कमी झालं. मग बारीक कणकण यायला लागली, अंगाला हात लावला तर गरम म्हणावं की नाही असा प्रश्न पडेल इतपत. मग तो म्हणायला लागला की पाठीत कुणीतरी बसलंय.

"कुणी बसलंय म्हणजे?"

"आतनं दाबतंय गं. शिवणीच्या मागनं. सळ्या जड झाल्यागत."

मोनाली मोबाइल बघायची. हिरवा. मदतीचा आवाज म्हणायचा, आपली जखम उत्तम स्थितीत आहे, रोज चालणं वाढवा. पुण्याला नोकरी करणारी लेक अन्वी आपल्या फोनवरून तोच दिवा बघायची. "आई, ग्रीन आहे एकदम. बाबांना झोपून राहू देऊ नकोस हं. त्यांना ओळखतेस ना तू? चालव."

ओळखत होती म्हणूनच तर घोळ झाला. दुसरा कुणी माणूस असता आणि असा कण्हला असता तर मोनाली हलली असती. पण हा नवनाथ! याचं कण्हणं ऐकत तिचा संसार झाला होता. त्यात जीव इतका शिणलेला, की संध्याकाळी तवा उतरवताना तिला हातातलं फडकं कुठं ठेवलं ते आठवायचं नाही. अशा माणसाला कुणी सांगितलं की सगळं ठीक आहे, तर त्याला ते ऐकायचंच असतं. मोनालीला तो हिरवा दिवा हवाच होता.

"उठा," ती म्हणाली. "चाला अंगणात."

"आज नको मोने. खरंच नको."

"रोज तुमचं आज नको."

"तुला वाटतं मी सोंग करतोय?"

"मला काय वाटायचं? हे बघा, हिरवा हाय."

नवनाथ भिंतीला धरून उभा होता. ओठ पांढरे पडले होते. त्याचा आवाज एरवी कण्हताना जसा वर चढायचा तसा चढला नाही, खाली गेला.

"किती दिस झालं, तू त्या मोबाइलला विचारतीस आन मला सांगतीस," तो म्हणाला. "मला बी विचार की एकदा. पाठ माझी हाय."

मोनालीनं तेव्हा जे उत्तर दिलं ते तिला पुढं फार दिवस छळत राहिलं. "तुमच्या तोंडावर माझा भरवसा असता तर मोबाइल लागलाच नसता," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली. नवनाथनं काठी उचलली. तो अंगणात चालला.

त्यानंतर त्यानं तक्रारच सोडली. घर शांत झालं. मोनालीला वाटलं, चला, सुधारला. कणकण आली तर तो पांघरूण ओढून घ्यायचा, विचारलं तर बरंय म्हणायचा. या माणसानं गप्प बसणं हे आजवरचं त्याचं सगळ्यात मोठं दुखणं होतं, आणि ते तिच्या ध्यानात आलं नाही.

आलं ते एका चपलेमुळं. गाळ्याच्या खिडकीतून तिला अंगण दिसायचं. नवनाथ काठी धरून चालत होता. पेरूच्या झाडाखाली त्याच्या डाव्या पायातली चप्पल निघाली. निघाली आणि तिथंच राहिली. तो तसाच पुढं गेला. अंगणात उन्हानं तापलेली फरशी, एक पाय चपलेत, एक उघडा, आणि याला पत्ताच नाही. पुढच्या फेरीत चप्पल दिसली तेव्हा तो थांबला आणि ही कुणाची, असा त्या चपलेकडे बघत राहिला. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. पाय उचलून चप्पल घालायला गेला तर पंजा वर येईना, खाली लोंबत राहिला. त्यानं चोरून गाळ्याकडे नजर टाकली. बायकोनं पाहू नये म्हणून काठीनं चप्पल झाडामागं ढकलली.

मोनालीच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी ओट्यावर पडली. कळ आल्याचं सोंग करणारा माणूस तिनं पुष्कळदा पाहिला होता. बरं असल्याचं सोंग करणारा नवरा ती पहिल्यांदा बघत होती.

ती धावत अंगणात गेली. "कवापासनं?"

"काय?"

"पाय! कवापासनं असं होतंय?"

"चार-सा दिस झालं असतील," तो म्हणाला. "तुला कशाला तरास. हिरवा हाय की."

* * *

मदतीच्या आवाजाला तिनं पाय सांगितला, चप्पल सांगितली. आवाज म्हणाला, आपली जखम उत्तम स्थितीत आहे. हिरव्या दिव्याच्या पेशंटला वेळच मिळत नसे, लाल आणि नारिंगीवाल्यांचाच नंबर लागे. डॉक्टर कमी आणि पाठी फार, म्हणून ही व्यवस्था. मोनालीनं फोन कापला, डब्यांचा टेंपो रिकामा केला, मागं गादी टाकली, शेजारच्यांच्या मदतीनं नवनाथला आडवं केलं आणि स्वतः चालवत सातारा गाठलं. त्या दिवशी कामगारांना डबे मिळाले नाहीत. तिच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारावरच्या स्क्रीननं तिच्या मोबाइलची खूण घेतली आणि पुढची भेट दिवाळीनंतरची दाखवली. दार उघडलं नाही. आत बसलेली मुलगी काचेतून हातानंच नाही म्हणाली. मोनाली मागं फिरली आणि डॉक्टरांच्या गाड्या लागतात तिकडं गेली. मुजावर लिंबाच्या सावलीत उभे होते, एका हातात चहा आणि दुसऱ्यानं स्वतःचीच कंबर दाबत. सकाळपासून दुसऱ्यांच्या पाठी शिवून त्यांची पाठ वाकली होती.

"डॉक्टर, माझ्या मालकाला बघा."

"अरे ताई! दाजी कसे आहेत?" त्यांनी सवयीनं हात पुढं केला आणि तिचा मोबाइल घेतला. "हिरवा आहे की. मस्त."

"मोबाइल नका बघू."

"अहो ताई, पण—"

"मी बी तोच बघत बसले, म्हणून ही येळ आली. पाठ बघा. तुम्ही शिवलीय ना? मग तुमच्या डोळ्यानं बघा." तिचा आवाज फाटला. "त्यांना पायातली चप्पल गेलेली कळंना झालीय, आन हा मुडदा अजून हिरवाच हाय!"

मुजावरांनी चहा गाडीच्या टपावर ठेवला. टेंपोत वाकून त्यांनी नवनाथचा सदरा वर केला, नखानं पट्टीचं टोक उचललं आणि पट्टी ओढून काढली. खाली सगळं पिवळंधमक होतं. त्यांनी बोटानं शिवणीच्या बाजूला दाबलं तर नवनाथ ओरडला, आणि नळीच्या भोकातून पिवळ्या तेलाबरोबर आणखी काहीतरी आलं. मग वास आला. मुजावर जागच्या जागी थबकले. कितीतरी वर्षांत न आलेला तो वास त्यांनी लगेच ओळखला.

"हे पिवळं काय आहे?"

"भंडारा," मोनाली म्हणाली. "तुम्ही टाकलेला तोच. संपला असंल म्हणून मी रोज लावते. तेलातनं."

"मी टाकलेला?"

"तुम्हीच म्हणाला की. चांगला भंडारा उधळलाय."

डॉक्टर टेंपोतून मागं सरकले. मग वळून दाराकडे ओरडले, "स्ट्रेचर! आणि थिएटर रिकामं करा! दिवा बिवा काही बघू नका, मी सांगतोय!"

* * *

संध्याकाळी ते बाहेर आले आणि या खेपेला उभ्यानं न बोलता तिच्या शेजारच्या त्या अवघड खुर्चीत बसले. रूळ, मालगाडी, काही नाही.

"पू होता. खूप. पार सळ्यांपर्यंत, आणि पायाच्या नसेवर दाब आला होता. सगळा धुऊन काढलाय. जीव वाचेल."

"आन पाय?"

"नस फार दिवस दबली होती. थोडी येईल, पुरती येईल असं नाही सांगवत."

मोनालीला रडू यायला हवं होतं. पण रडायलाही अंगात काहीतरी लागतं, ते उरलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "मग दिवा हिरवा कसा?"

मुजावरांनी हळूहळू सांगितलं. जागल्या जंतू बघत नाही, तो त्यांचं बोलणं ऐकतो. आणि हळदीत एक गुण असा आहे, की ती जंतूंना एकमेकांशी बोलू देत नाही. त्यांची खबर मधल्यामध्ये दाबून टाकते. कोरडी हळद एवढी आत गेली नसती, पण तेलात ती विरघळते, आणि नळीच्या भोकाची वाट थेट सळ्यांपर्यंत जाते. पहिल्या दिवशी काही दाण्यांनी आपलं काम केलं. मग रोजची हळद पोचायला लागली. जंतू गप्प झाले, जागल्याला वाटलं सामसूम आहे. मेले मात्र नाहीत. चढाई करत नव्हते म्हणून ताप फार चढला नाही, आणि आवाज न करता वाढत राहिले.

"म्हणजे मीच," मोनाली म्हणाली.

"तुम्ही माझं ऐकलंत," मुजावर म्हणाले. "देवाचं नाव आहे, पेशंटला धीर येतो, म्हणून मी तो शब्द सगळ्यांना सांगत आलो. ऐकणाऱ्याच्या घरी त्याच नावाची डबी असते हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी काय परका आहे? लोणंदला आमच्या गल्लीतसुद्धा घरोघरी असते." त्यांनी डोळे चोळले. "आणि पट्टी सुटली तेव्हा जखम बघायला इथं कुणी माणूस असायला हवा होता. आम्ही बघायचंच सोडलं."

शेजारी शेजारी दोन दमलेली माणसं. मोनालीनं विचारलं, "आता आत काय टाकलंय?"

मुजावरांच्या ओठांवर शब्द आला होता. तिला तो दिसला. त्यांनी तो गिळला.

"औषध," ते म्हणाले. "नुसतं औषध, ताई."

नवनाथ शुद्धीवर आल्यावर तिनं त्याच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, काही आत ठेवलं नाही. भंडारा, तेल, हळदीचा गुण. आणि ते तोंडावरच्या भरवशाचं बोलली होती, त्याबद्दल नाक मुठीत धरून माफीही मागितली. नवनाथ कोरड्या ओठांनी म्हणाला, "तू लावलास, मी लावून घेतला. मीच म्हनलो ना संपला असंल." थोड्या वेळानं म्हणाला, "पण तू टेंपो आणलास. डबे टाकून. मी बघितलं." मग तो झोपला आणि मोनालीनं खाटेच्या कडेला डोकं टेकलं.

* * *

पुढं नवनाथ काठी आणि पट्ट्याची चप्पल यांवर चालायला लागला. डावा पंजा थोडा उचलला जायचा, पुरता नाही. पोकलेन संपलं ते संपलंच. मोनालीनं त्याला गाळ्यात स्टुलावर बसवून लसूण सोलायचं काम दिलं. देव्हाऱ्यातली डबी जागच्या जागी होती आणि त्यातला भंडारा रोज दोघांच्या कपाळाला लागायचा. पाठीवर नवी पट्टी, मोबाइलवर तोच हिरवा दिवा.

एका दुपारी लसणाची टोपली निम्मी भरलेली असताना नवनाथनं हात पाठीला लावला.

"मोने, पाठीत कळ येतीय गं. जरा आत जाऊन पडतो."

आत टीव्ही होता, आणि मॅच सुरू व्हायला आली होती. हे मोनालीला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे नवनाथलाही माहीत असावं, कारण तो तिच्याकडे बघत नव्हता. ओट्यावर मोबाइल हिरवा होता. तव्यावर भाकरी फुगली होती. मोनालीचे पाय सकाळपासून भरून आले होते आणि संध्याकाळच्या डब्यांचं पीठ अजून मळायचं होतं.

तिनं भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि साबण लावून हात धुतले.

"चला. पालथं व्हा."

"आगं, तसं काय लई नाय. पडलं की थांबंल."

"पालथं व्हा म्हणते ना."

तो आत खाटेवर पालथा झाला. मोनालीनं सदरा वर केला, पट्टीची चारी टोकं बघितली, नळीची जुनी जागा बघितली. ती सुकली होती, पांढरा बारीक व्रण राहिला होता. तिनं खाली वाकून वास घेतला. मग वरच्या मणक्यापासून एकेक जागा बोटानं दाबत निघाली.

"इथं?"

"नाय."

"इथं?"

"नाय गं."

"इथं?"

नवनाथनं उशीत तोंड लपवलं. खांदे हलायला लागले, हसू होतं की रडू ते तिला वरून कळेना.

"मोने, खोटं बोललो गं मी."

"ठाऊक हाय," मोनाली म्हणाली, आणि बोट पुढच्या मणक्यावर ठेवलं. "इथं दुखतंय का?"